हुंडणावळ आणि बक्षीस

द्रव्य मिळविणें जितकें कठीण, तितकेंच तें एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं सुखरूप पोंचविणें कठीण, ही गोष्ट आमच्या पूर्वजांस पुरती ठाऊक होती. वाटेंत चोर, नदीला पूर, मुलखागणिक निराळें नाणें आणि नाण्यागणिक निराळा बट्टा. अशा स्थितींत पैसा हलवून देणारा मनुष्य कांहीं मोबदला मागणारच, हें उघड होतें. आजची स्थिति याच्या अगदीं उलट दिसते. सोनपेठच्या बाजारांत भाजीच्या पाटीवरही चौकोनी ठिपक्यांची खूण चिकटविलेली असते. तिच्यासमोर मोबाईल धरला कीं पैसा गेला, आणि पाठविणाऱ्यास एक पैही जास्त पडत नाहीं. इतकेंच नव्हे, तर क्रेडिट कार्डानें पैसे दिले असतां देणाऱ्यासच वर कांहीं बक्षीस मिळतें. ज्यानें मजुरी द्यावयाची त्यालाच मजुरी मिळावी, हा चमत्कार अर्वाचीन काळींच घडला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती समजूत खरी नाहीं. पैसा पाठविणाऱ्यास नफा होणें ही आमच्या बाजारपेठांत जुनी गोष्ट आहे. मात्र जुन्या नफ्यांत आणि नव्या बक्षिसांत एक मोठा भेद आहे, आणि तो ध्यानांत न घेतल्यामुळें आज कित्येक शहाणे लोकही फसत आहेत. तो भेद इतिहासाच्या आधारानें दाखवावा, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम नाण्यांची गोष्ट घेऊं. इंग्रजांनीं १८३५ सालीं आपल्या मुलखांत एकच कंपनी-रुपया चालू करण्याचा कायदा केला. त्यापूर्वी महाराष्ट्रांत अंकुशी, चांदवडी, सुरती, अर्काटी अशीं अनेक नाणीं फिरत होतीं. प्रत्येकाचें वजन निराळें, चांदीचा कस निराळा, आणि तेंच नाणें झिजलें म्हणजे त्यावर पुन्हां निराळी कसर. रुपया वाजवून व पारखून त्याचा भाव ठरविणारा तो सराफ, आणि एका नाण्याबद्दल दुसरें घेतांना जें अंतर सोसावें लागे तो बट्टा. मराठवाडा निजामाच्या अमलाखालीं असल्यामुळें हा घोळ आमच्याकडे आणखी शतकभर चालला. १८३० नंतरच्या दशकांत पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकाराच्या देखरेखीखालीं औरंगाबादच्या टांकसाळींत पडलेला रुपया पेस्तनशाही या नांवानें ओळखला जाई. हीच पेढी वऱ्हाडचा कापूस मुंबईस नेण्यांत अग्रेसर होती, आणि हीच निजामसरकारास मोठालीं कर्जें देत असे. १८४३ सालीं दिवाण चंदुलाल अधिकारावरून दूर झाले. पुढें थोड्याच काळांत कर्जाच्या तारणादाखल पेढीकडे असलेला मुलूख सरकारनें काढून घेतला, आणि एवढी मोठी पेढी धुळीस मिळाली. सावकाराची पत राजाच्या शब्दावर अवलंबून राहिली म्हणजे काय होतें, याचें हें बोलकें उदाहरण आहे.

पुढें संस्थानांत हाली शिक्का स्थिर झाला, तरी दुहेरी नाण्याचा प्रश्न सुटला नाहीं. शेतसारा हालींत भरावयाचा, आणि मुंबईचा माल कलदारांत घ्यावयाचा. विसाव्या शतकांत शंभर कलदारांस सुमारें ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहा कलदारांस सात हाली, असें प्रमाण बसलें होतें. त्यापूर्वी तर हा दर हंगामाप्रमाणें वर-खालीं होई. ज्याच्या हातीं दोन्ही नाणीं आणि ज्याच्या कानीं दराची बातमी आधीं, त्याचा नफा ठरलेला. कुणब्यास दर कळे तो सावकाराच्या तोंडून. १९४८ सालीं संस्थान हिंदी संघराज्यांत आलें, आणि १९५० नंतर हाली चलन क्रमाक्रमानें मागें घेण्यांत आलें. तेव्हां कोठें मराठवाड्यांतील बट्ट्याचा हा अध्याय संपला.

नाणें बदलण्याची ही अडचण, आणि तें वाहून नेण्याची त्याहून मोठी. या दोहोंवर आमच्या व्यापाऱ्यांनीं काढलेला तोडगा म्हणजे हुंडी. कागदाचा एक तुकडा, त्यावर एका पेढीनें दुसऱ्या पेढीस लिहिलेली आज्ञा, कीं अमुक रक्कम अमुक प्रकारच्या मनुष्यास द्यावी. दाखवितांच पैसे द्यावयाचे ती दर्शनी. कांहीं दिवसांनीं द्यावयाचे ती मुदती. ज्याचें नांव लिहिलें आहे त्यालाच द्यावयाची ती नामजोग. आणि बाजारांत ज्याची अब्रू ठाऊक आहे अशा प्रतिष्ठित गृहस्थाच्या हातींच द्यावयाची ती शहाजोग. शहाजोग हुंडी चोराच्या हातीं लागली तरी ती वटविण्यास त्यास एकादा ‘शहा’ शोधावा लागे, आणि असा शहा चोरास उभा राहत नसे. हरवलेल्या हुंडीबद्दल पैंठ लिहून देत. तीही हरवली तर परपैंठ. रक्कम अक्षरांनीं व अंकांनीं लिहून वर तिची निमपट सांगून ‘याचे दुप्पट’ असें लिहावयाचें, म्हणजे कोणास शून्य वाढवितां येऊं नये. पैसे चुकते झाल्यावर ती हुंडी खोका होऊन पेढीच्या दप्तरीं पडे. आज ज्या गोष्टींसाठीं गुप्त अंक, बोटांचे ठसे आणि ओळखीचे दाखले लागतात, त्या सर्व गोष्टींची तरतूद एका हातभर कागदांत केलेली होती.

या व्यवस्थेचा पल्ला केवढा होता, हें पेशवाईच्या इतिहासावरून दिसतें. उत्तरेकडील वसुलाचा पैसा पुण्यास येई तो बहुतकरून हुंड्यांनीं, आणि स्वारींतील फौजेचा खर्च भागे तोही सावकारांच्या पतीवर. १७६१ सालीं पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांस प्रथम कळली ती सरकारी जासुदाकडून नव्हे, तर सांकेतिक भाषेंत लिहिलेल्या एका सावकारी पत्रावरून, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. सराफांचे कासीद राज्याच्या डांकेपेक्षां जलद चालत. आणि सामान्य जनांच्या मनांत हुंडीला किती मान होता हें पाहावयाचें असेल, तर महिपतीच्या भक्तविजयांतील दोन कथा आठवाव्या. जुनागडच्या नरसी मेहत्यानें यात्रेकरूंस द्वारकेच्या शामळशा शेटीवर हुंडी लिहून दिली, आणि प्रत्यक्ष कृष्णानें ती पटविली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत सरकारी अंबार लुटविलें, आणि विठ्ठलानें महाराचें रूप घेऊन बेदरच्या बादशहास पैसे भरले व पावती घेतली. या कथांतील देवही सावकाराच्या रीतीनें वागतो. तो ऋण माफ करवीत नाहीं. तो रक्कम चुकती करतो आणि पावती घेतो. पैसा कोणी तरी दिलाच पाहिजे, हें तत्त्व आमच्या भाविक लोकांसही सोडवलें नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. हुंडी लिहून देण्याबद्दल पेढी जी रक्कम घेई ती हुंडणावळ. परंतु हुंडणावळ नेहमीं पाठविणाऱ्याकडूनच मिळे असें नाहीं. समजा, कार्तिकापासून पुढें मानवतच्या पेठेंत कापूस येऊं लागला आहे. मुंबईच्या गिरण्या व अडते तो घेतात. म्हणजे मुंबईनें मानवतास पैसे देणें लागतें. मानवतच्या व्यापाऱ्यास शेतकऱ्याचे पैसे रोख द्यावयाचे, आणि त्याचें येणें मात्र मुंबईस. म्हणून तो मुंबईवर हुंडी लिहितो, आणि ती गांवांतच रोखीनें विकूं पाहतो. अशा दिवसांत मुंबईवरच्या हुंड्या पुष्कळ आणि रोकड थोडी. त्यामुळें शंभराची हुंडी साडेनव्याण्णवास मिळे. ज्या कापडवाल्यास मुंबईस पैसे पाठवावयाचे असत, तो ती आनंदानें घेई. साडेनव्याण्णव द्यावे आणि मुंबईस शंभर पोंचावे. हेंच त्याचें बक्षीस. उलट पावसाळ्यांत मालाची आवक थांबली, कापड-किराण्याचें देणें तेवढें उरलें, म्हणजे तीच हुंडी साडेशंभरास घ्यावी लागे. आमचे आंकडे केवळ समजुतीसाठीं आहेत. तत्त्व मात्र कोणत्याही जुन्या पेठेस लागू पडेल.

येथें वाचकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. कापडवाल्यास जो अर्धा रुपया मिळाला तो कोणी दिला, हें त्यास ठाऊक होतें. तो कापूसवाल्यानें दिला. कां दिला, हेंही ठाऊक होतें. त्यास रोकड तांतडीनें हवी होती, आणि सोन्या-चांदीचे तोडे बैलगाडीवर घालून आणण्यापेक्षां अर्धा रुपया सोडणें त्यास स्वस्त होतें. दोघांची गरज एकमेकांच्या उलट होती, आणि हुंडीनें ती जुळविली. या नफ्यांत खऱ्या कामाचा मोबदला होता, आणि त्याचा भाव पेठेंत उघड बोलला जात होता.

इंग्रजी अमदानींत या व्यवहाराचें रूप पालटलें. १८८० सालीं मनीऑर्डरचें काम टपालखात्याकडे आलें, आणि मुंबईच्या गिरणींतील कामगार कोंकणांतल्या घरीं ठरावीक फी भरून पैसे पाठवूं लागला. १८८१ च्या कायद्यानें चेक, बिल व वचनचिठ्ठी यांचे नियम बांधले, परंतु देशी भाषेंतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज राखून ठेवले. मनीऑर्डरींत हंगामाचा चढउतार नव्हता. तेव्हां पाठविणाऱ्याचा नफाही नव्हता आणि जास्त तोटाही नव्हता. भाव ठरलेला, तो सर्वांस सारखा आणि फॉर्मावर छापलेला. गरिबांस ही मोठीच सोय झाली.

तथापि हुंडीची एक काळी बाजूही होती, आणि ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. माल नसतां, येणें नसतां, केवळ पैसा उभा करण्यासाठीं एकानें दुसऱ्यावर हुंडी लिहावी, ती मुदत भरण्यापूर्वी विकावी, आणि मुदत भरली म्हणजे दुसऱ्यानें पहिल्यावर नवी हुंडी लिहून जुनी फेडावी. असा फेरा कित्येक पेढ्या घालीत. ही युक्ति केवळ आमचीच नव्हे. अॅडम स्मिथनें १७७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत एडिंबरो व लंडन यांच्यामधील अशाच फेऱ्याचें सविस्तर वर्णन केलें आहे. व्याज शेंकडा पांच, आणि प्रत्येक फेरीस अर्धा टक्का आडत. वर्षांतून सहांपेक्षां जास्त फेऱ्या झाल्या म्हणजे कर्ज आठ टक्क्यांच्याही वर गेलें, असा त्याचा हिशेब आहे. एअर बँक म्हणून ओळखली जाणारी पेढी १७६९ सालीं निघाली, तिनें असल्या कागदांस सढळ हातानें पैसे दिले, आणि १७७२ सालीं तिचे दरवाजे बंद झाले. कागद फिरत होता तोंवर सर्वांस आपण श्रीमंत झालों असें वाटत होतें. फिरणें थांबलें तेव्हां मधें मालच नव्हता, असें दिसून आलें.

आतां आपल्या काळाकडे येऊं. जेवणाचें बिल महिनाअखेर एकदम भरावें, या कल्पनेंतून १९५० सालीं अमेरिकेंत डायनर्स क्लबाचें कार्ड निघालें. १९५८ सालीं बँक ऑफ अमेरिकेनें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहरीं आपलें कार्ड वांटलें. आणि आपल्या देशांत १९८० सालीं सेंट्रल बँकेनें क्रेडिट कार्ड काढलें. तत्त्वतः हें कार्ड म्हणजे मुदती हुंडीच होय. बँक दुकानदारास पैसे लगेच देते, आणि ग्राहकाकडून महिना-दीड महिन्यानें घेते. या मुदतीबद्दलची हुंडणावळ दुकानदाराच्या रकमेंतून कापून घेतली जाते. ती बहुधा शेंकडा दीड-दोन असते. त्यांतलाच कांहीं अंश ग्राहकास परत द्यावा, म्हणजे तो कार्ड अधिक वापरील, या विचारांतून गुण, विमानप्रवासाचे मैल आणि रोख परतावा यांचा जन्म झाला. अमेरिकेंतील डिस्कव्हर कार्डानें १९८६ सालीं रोख परतावा देण्यास प्रारंभ केला.

म्हणजे आजचें बक्षीस दुकानदार देतो. परंतु व्यक्तीनें व्यक्तीस पैसे पाठविले, तर मधें दुकानदार नाहीं, माल नाहीं, कापलेली हुंडणावळही नाहीं. मग बक्षीस कोठून येणार? या साध्या प्रश्नाचें उत्तर न शोधतां ज्यांनीं कार्डावरून पैसे पाठविण्याची फुकट सोय केली, त्यांची फजिती कशी झाली हें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीनें २००८ सालीं एक डॉलरचीं नाणीं दर्शनी किमतीस, पाठवणीचा खर्च न घेतां, घरपोंच देण्यास सुरुवात केली. हेतु हा, कीं नाणीं लोकांत खेळावीं. चतुर लोकांनीं तीं कार्डावर हजारोंनीं मागविलीं, पेट्या तशाच बँकेंत भरल्या, त्याच पैशानें कार्डाचें देणें फेडलें, आणि विमानप्रवासाचे मैल खिशांत घातले. नाणें बाजार न पाहतांच परत तिजोरींत गेलें. जुलै २०११ मध्यें टांकसाळीनें या सोयींतून कार्ड वगळलें.

आपल्याकडेही हाच प्रकार झाला. पेटीएमच्या पाकिटांत कार्डावरून पैसे भरावे, तेथून ते आपल्या किंवा मित्राच्या बँकेच्या खात्यांत पाठवावे, आणि त्या पैशानें कार्डाचें बिल चुकवून गुण मात्र ठेवून घ्यावे, असा फेरा लोक घालूं लागले. कार्डाच्या प्रत्येक भरण्याबद्दल कंपनीस पदरचे पैसे मोजावे लागत. म्हणून मार्च २०१७ मध्यें तिनें कार्डावरून पाकीट भरण्यास शेंकडा दोन आकार जाहीर केला. ओरड होतांच तो एक-दोन दिवसांत मागें घेतला. पुढें लोकांची दृष्टि घरभाड्याकडे वळली. मित्रासच घरमालक म्हणून दाखवावें, आणि भाड्याच्या नांवाखालीं पैसे फिरवावे. आयसीआयसीआय बँकेनें २० ऑक्टोबर २०२२ पासून अशा भाड्यावर शेंकडा एक आकार बसविला. आणि सप्टेंबर २०२५ मध्यें रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आल्यावर निरनिराळ्या कंपन्यांनीं कार्डानें भाडें भरण्याची सोयच बंद केली. यूपीआयला रुपे क्रेडिट कार्ड जोडण्याची मुभा सप्टेंबर २०२२ मध्यें मिळाली, तीही दुकानदारास देण्यापुरतीच. एका व्यक्तीनें दुसरीस पाठविण्यास ती लागू नाहीं. हा अनुभवाचाच धडा होय.

यावर कोणी म्हणेल, कीं कंपन्या गबर आहेत. त्यांच्या नियमांतील फटींतून एकाद्या हुशार मनुष्यानें चार पैसे काढले तर बिघडलें काय? हा युक्तिवाद सर्वस्वी टाकाऊ नाहीं. सोय त्यांनींच जाहीर केली, आणि जाहिरातीचा मोह त्यांनींच घातला. जो मनुष्य दरमहा सारें बिल वेळेवर भरतो, त्याला चोर म्हणण्यास आम्हीही तयार नाहीं. परंतु बक्षिसाच्या तळाशीं कोण आहे हें पाहिलें म्हणजे मन स्वस्थ राहत नाहीं. दुकानदार आपली कापलेली हुंडणावळ शेवटीं मालाच्या भावांतच मिळवितो. म्हणजे रोख नोट देऊन तेल-मीठ नेणारी मजूर बाई कार्डवाल्याच्या विमानप्रवासास हातभार लावते. दुसरा देणारा त्याहून दुर्दैवी आहे. बिल पुरतें न भरणाऱ्या कार्डधारकाकडून दरमहा शेंकडा तीन ते पावणेचार व्याज घेतलें जातें. वर्षाचें हें चाळीसाच्या आसपास गेलें. बक्षिसांचा बराचसा थाट या व्याजाच्या जोरावर चालतो.

आणि फेऱ्याची संवय लागलेला मनुष्य पहिल्या वर्गांतून दुसऱ्यांत केव्हां घसरतो, तें त्याचें त्यासही कळत नाहीं. आज व्यक्तीस पैसे पाठविण्याची वाट बंद झाली म्हणून ओळखीच्या दुकानदाराच्या खुणेवर खोटी खरेदी दाखवावयाची आणि त्याच्याकडून कांहीं टक्के कापून रोकड परत घ्यावयाची, असा प्रकार चालतो. आरंभीं हें गुणांसाठीं असतें. पुढें घरांत आजारपण निघालें, पेरणीला पैसा उरला नाहीं, म्हणजे तेंच रोकडीसाठीं होतें. आणि मग एका कार्डानें दुसऱ्याचें देणें फेडणें ओघानेंच येतें. एडिंबरोच्या व्यापाऱ्यांचा तोच फेरा, फक्त व्याज आठाच्या जागीं चाळीस.

आमच्या जुन्या धर्मशास्त्रानें येथें एक बांध घातला होता. व्याज मुद्दलाहून अधिक एका वेळीं वसूल करतां येऊं नये, हा दामदुपटीचा नियम. मुंबई इलाख्यांतील इंग्रजी न्यायालयांनींही हिंदु ऋणकोच्या बाबतींत तो मान्य केला होता. सावकार लोभी होता, यांत संशय नाहीं. १८७५ सालीं पुणें-नगर भागांत कुणब्यांनीं त्याचे कर्जरोखे जाळले ते उगाच नव्हेत. पण त्याच्या लोभास निदान तत्त्वतः एक मर्यादा होती. कार्डाच्या व्याजास तशी मर्यादा घालण्याचा प्रयत्न राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं केला. वर्षास शेंकडा तीसांहून अधिक व्याज ही अनुचित रीति होय, असा निकाल त्यानें दिला. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें तो रद्द ठरविला. व्याजाचे दर पाहणें हें रिझर्व्ह बँकेचें क्षेत्र आहे, असें त्याचें म्हणणें पडलें. कायद्याच्या दृष्टीनें तें बरोबर असेल. पण दामदुपटीची जागा रिकामीच राहिली आहे, हें विसरतां येत नाहीं.

आम्ही हुंडीच्या काळाकडे परत जावें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. आज सोनपेठहून पुण्यास शिकणाऱ्या मुलाला बापानें क्षणांत, विनाखर्च पैसे पाठवावे, ही गोष्ट कोणत्याही शामळशा शेटीस साधली नसती. पण जुन्या पेठेंतील एक शिस्त आजही उपयोगी पडेल. हुंडी घेणारा साडेनव्याण्णवास शंभर मिळतांना पाहून केवळ हुरळत नसे. भाव कां उतरला, रोकड कोणास हवी आहे, आणि लिहिणाराची पत कशी आहे, एवढें तो आधीं विचारून घेई. आजच्या बक्षिसाविषयींही तेवढें विचारावें. ज्या नफ्याचा देणारा दिसत नाहीं, तो पेठेंत असतोच. पुष्कळ वेळां तो आपल्याच गल्लींत राहणारा असतो, आणि कधीं कधीं पुढल्या महिन्यांतील आपणच असतों.